लालीची जुडी

एक होती लाली. पळसाच्या झाडावर बांगड्यांची लाख करणारा किडा. एवढीशी! खसखशीपेक्षाही बारीक! फांदीला काड्यांची एक जुडी बांधली होती. तिच्यात लाली आणि तिच्या शंभर बहिणी राहायच्या. जुडी बांधली होती बुधाकाकांनी, जांभया देत देत. वारा आला. जुडी सुटली. धप्प!

लाली घाबरली. ऊन तापायच्या आत कोवळी फांदी हवी. नाहीतर सगळ्या सुकून जातील!

लाली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दोरी दोरी, जुडी बांध! मला फांदी मिळेल!"

"शिडी उभी राहील, तर मी बांधीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"शिडी शिडी, उभी राहा! दोरी जुडी बांधेल, मला फांदी मिळेल!"

"काका माझ्यावर बसलेत. काका उठतील, तर मी उभी राहीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"काका काका, उठा! शिडी उभी राहील, दोरी जुडी बांधेल, मला फांदी मिळेल!"

"पंच सांगतील, तर मी उठीन." आणि काकांनी जांभई दिली. आऽऽऽ!

पारावर बसले होते पाच पंच. तीन दिवस एकच बोलणं. बायकांनी झाडावर चढावं की नाही?

"पंचहो पंचहो, सांगा! काका उठतील, शिडी उभी राहील, दोरी जुडी बांधेल, मला फांदी मिळेल!"

"चहा येईल, तर आम्ही सांगू."

चुलीपाशी होती सुगनाबाई. चहा उकळत होता. बुडबुड बुडबुड.

"बाई बाई, चहा दे! पंच सांगतील, काका उठतील, शिडी उभी राहील, दोरी जुडी बांधेल, मला फांदी मिळेल!"

सुगनाबाईने उन्हाकडे पाहिलं.

"अवं माय! ऊन का चहासाठी थांबते?"

तिने पदर खोचला. लालीला बोटावर घेतलं. आणि निघाली तरातरा.

"उठा जी काका!"

काका उठले, टुणकन! शिडी उभी राहिली, टक्क! जुडी घेऊन सुगनाबाई चढली, सरसर सरसर. दोरीने जुडी बांधली, करकच्च! आणि लालीला फांदी मिळाली. शंभर बहिणींनाही मिळाली. किती बरं वाटलं लालीला! रस प्यायली, चुकचुक चुकचुक. आता तिथे लाख होणार. ती लाख सुगनाबाईची!

ते पाहून शेजारच्या पळसावर गावातली गोमती चढली, आपली जुडी घेऊन. पलीकडच्या पळसावर इंदरबाई चढली.

इतक्यात पंच ओरडले, "ठरलं! बायकांनी झाडावर चढायचं नाही! अन् चहा कुठं हाय?"

वरून सुगनाबाई म्हणाली, "चुलीवर हाय जी. उतरवून घ्या!"

लाली बसली फांदीला, तू ये माझ्या मांडीला!