बारीक आसाचं जाळं

"पट्टी कोणी तासली?"

मोतीरामने जाळं विणता विणता मान वर केली नाही. "खंयची पट्टी, आबानू?"

भिकाजीआबांनी त्याच्या हातातली बांबूची पट्टी ओढून त्याच्याच नाकासमोर धरली. जाळ्याची प्रत्येक गाठ या पट्टीवर मारतात. पट्टी जेवढी रुंद, तेवढा जाळ्याचा आस, म्हणजे भोक. आबांच्या आजोबांपासून वाडीतलं जाळं याच मापाने विणलं जात होतं. आज मात्र पट्टीची एक कड ताज्या लाकडासारखी पांढरी दिसत होती.

"ही?... ही मीच तासलंय."

आबांनी कपाळाला हात लावला.

आबा रापणीचे तांडेल. रापण म्हणजे होडीतून जाळं गोल सोडायचं आणि अख्ख्या वाडीने किनाऱ्यावरून त्याचे दोर ओढायचे. जाळं केव्हा टाकायचं, केव्हा घरी बसायचं आणि आलेल्यातलं काय परत पाण्यात सोडायचं, हे तांडेल ठरवणार. आता आबांचे गुडघे गेले होते. पाऊस सरून नारळी पौर्णिमा आली, दर्याला नारळ दिला, की तांडेलकी दुसऱ्याकडे द्यायची असं त्यांनी वाडीत सांगून टाकलं होतं.

द्यायची कोणाला? पाण्याचा रंग बघून मासळी ओळखणारा वाडीत एकच, मोतीराम. आणि हाताला लागलेलं काहीही न सोडणारा वाडीत एकच. तोही मोतीराम! त्याला रापण दिली तर किनाऱ्याला मासळी उरायची नाही, न दिली तर रापणच मोडायची. या काळजीने आबांची झोप उडाली होती, आणि हा गडी पट्टी तासत बसला होता.

"कित्याक तासलंस?"

"आस बारीक येता. ह्या जाळ्यातसून एक मासो सुटाचो नाय, आबानू. पिल्लूसुद्धा नाय."

"मगे फुडल्या वर्सा काय धरशीत? वाळू?"

"फुडल्या वर्साचा फुडल्या वर्सा बघू. आपण पिल्लां सोडूची नि ती मोठी झाली काय ट्रॉलरवाल्यांनी न्हेवची? आपण काय त्यांचे गडी?"

प्रश्न अगदीच खोटा नव्हता, म्हणून तर आबा जास्त वैतागले. पावसात मासळीच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असते, तेव्हा दर्यात जायचं नाही. बोटाएवढा बांगडा आला तर त्याला माघारी धाडायचं. हे त्यांनी या पोराला गोडीने सांगून पाहिलं होतं, शिव्या घालून सांगितलं होतं, अबोला धरूनही झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

"तुझ्या तोंडार शिरा पडली..." ते पुटपुटले. मग त्यांनी पट्टी कमरेला खोचली.

"तुका कायच सुटाक नको ना?"

"नको."

"ऊठ तर."

आबांनी दोरीवरची आपली अंथरायची चादर ओढली आणि त्याच्या अंगावर फेकली. "ही घे. हेच्यापेक्षा बारीक आस तुका खंय गावाचो नाय."

"चेष्टा करतास, आबानू?"

"तांडेलकी व्हयी ना? चल."

खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली होती. होडी बांधायच्या खुंटाला आबांनी चादरीची दोन टोकं आवळली, उरलेली दोन मोतीरामच्या हातात दिली आणि त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभा केला. स्वतः काठावर गुडघे चोळत बसले.

"आता उघड."

चादर उघडली आणि ओहोटीच्या पाण्याने टम्म भरली. मोतीराम आधी हसला. मग त्याच्या टाचा वाळूत सरकायला लागल्या.

"आबानू, ओढता हां ही!"

"सोडू नको! पिल्लू सुटात!"

दोर ओढणारा माणूस दोर कधी मनगटाला गुंडाळत नाही. मोतीरामला हे आबांनीच शिकवलं होतं. पण आबा हसताहेत हे बघून त्याच्या डोक्यात सणक गेली आणि त्याने चादरीची टोकं मनगटाला गच्च गुंडाळली.

पुढच्या हिसक्याला तो आडवाच झाला. डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. खुंट कलला आणि उपटून निघाला. चादर, खुंट आणि मोतीराम, तिन्ही खाडीच्या तोंडाकडे निघाले. तिथे लाटा फुटत होत्या.

मस्करीची कुस्करी झाली होती. गुडघे विसरून आबा पाण्यात धावले.

"सोड! सोड रे मेल्या! सोड ती!"

मोतीरामचा एक हात वर आला. मोकळा होता. मग दुसरा आला. चादर खुंटासकट लाटांकडे गेली.

तो चार पायांवर रांगत काठाला आला, खारं पाणी ओकला आणि वाळूत उताणा पडला. आबा धापा टाकत त्याच्या शेजारी बसले.

श्वास येताच मोतीराम भडकला.

"तुमका याड लागला काय, आबानू? असला जाळा खंय असता? पाणी तरी भायर जावक व्हया ना! तां अडला काय धरणाऱ्याकच घेवन जाता! सोडलंय म्हणान वाचलंय, कळला? सोडलंय म्हणान!"

आबांनी कमरेची तासलेली पट्टी काढून त्याच्या पुढ्यात टाकली.

मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठले.

"माका कित्याक सांगतंस? जा, जाळ्याक सांग."