दोन बांगड्यांच्या मधला तुकडा

या नगराचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथल्या नगरशेटीणबाई माझ्याशी भांडायला येतील, आणि भांडणात त्या कुणाला हार जात नाहीत. तर एक नगर होतं, नगराला वेस होती आणि वेशीजवळ एक इवलंसं खोपट होतं. खोपटात बकुळ आणि तिची आई सगुणा कासारीण अशा दोघीच राहायच्या. बकुळ रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले होते.

सगुणा बाजारात बायकांना बांगड्या भरायची. हिरव्यागार, जांभळ्या, मोरपिशी, डाळिंबी! तिच्या दुरडीवर ऊन पडलं की समोरच्या भिंतीवर रंगांचे चिमुकले कवडसे नाचायचे. तिच्या हातून बांगडी चढताना कुणाला दुखायचं नाही. जुन्या बांगड्यांचे तुकडे बकुळ वेचायची आणि एका पिशवीत साठवायची. तुम्ही त्यांना काचा म्हणाल. बकुळ म्हणायची, "माझं जवाहीर!"

आणि एक दिवस या घरातली चूल थंड पडली. का, ते सांगते. नगरशेटीण मथुराबाईंच्या लेकीचं लग्न होतं. बाईंनी थेट राजधानीहून सोनेरी बांगड्या मागवल्या आणि अख्ख्या बाजाराला मिरवून दाखवल्या. झगमग झगमग नुसती, पण काच कच्ची. सगुणानं एक बांगडी बोटांत फिरवली आणि भर मांडवात बोलून गेली, "बाईसाहेब, ह्या फुटतील हो! माझ्या घ्या. माझ्यासारख्या बांगड्या राजधानीतसुद्धा नाहीत."

आता, मंगल कार्यात बांगडी 'फुटली' असं कुणी म्हणत नाही. 'वाढवली' म्हणतात. सगुणाची जीभ घसरली खरी. पण वरात निघायच्या आत त्या बांगड्या तडातडा गेल्या, तेही खरंच! मथुराबाईंचा पारा असा चढला की विचारू नका. "जिभेला हाड नाही मेलीच्या! माझ्या पायरीवर नाक घासून माफी मागेपर्यंत हिच्याकडून कुणी बांगड्या भरायच्या नाहीत!" साऱ्या बाजारावर मथुराबाईंचा हुकूम चालायचा. बायका मान खाली घालून गप्प बसल्या. मला तर अजून राग येतो त्यांचा.

"खरं बोलले, त्याची माफी कसली?" असं म्हणून सगुणा ताठ मानेनं घरी आली. पण ताठ मानेनं पोट भरत नाही, बाळांनो. आधी तांदूळ संपले, मग कण्या संपल्या. एका सकाळी बकुळला उठताना घेरी आली, तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, "आज उन्हं कलली की जाते मी मथुराबाईंकडे. घासते नाक."

"आई, नको ना गं!"

"नाकाचं काय एवढं? तू उपाशी निजतेस, ते मला बघवत नाही."

बकुळला रडू कोसळलं. आईचं नाक! बांगड्या भरताना ज्याच्यावर चमकी लुकलुकायची ते नाक, त्या धुळीच्या पायरीवर! तिनं डोळे पुसले, काचांची पिशवी कमरेला खोचली आणि काही खायला मिळतंय का ते बघायला ती रानात निघाली.

रान काय सुंदर होतं म्हणून सांगू! पिवळीधमक बहाव्याची झुंबरं, निळी निळी फुलपाखरं, गवताच्या टोकाटोकावर दवाचे टपोरे थेंब. पायवाटेवर दोन करवंदीच्या जाळ्यांमध्ये एका इवल्याशा कोळिणीनं आपलं जाळं ताणलं होतं. काठीचा एक फटकारा मारला असता तर वाट मोकळी झाली असती. पण बकुळ थांबली.

"तुझं घर कशाला मोडू, बाई? आमचंच सध्या मोडायला आलंय." असं म्हणून ती बाजूच्या काट्यांमधून शिरली. हातापायांवर लाल लाल ओरखडे उठले.

पलीकडे पाऊल टाकलं मात्र, सगळं रान उजळून निघालं! पांढऱ्या चाफ्याच्या फांदीवर एक परी बसली होती. पंख मोरपिशी, केसांत चांदण्यांची वेणी, हातात रुपेरी छडी.

"शहाणी माझी बाय!" परी म्हणाली. "काटे सोसलेस, पण जाळं मोडलं नाहीस. तुला एक इच्छा देते. पण नियम आहेत हं! आधी मी एक गोष्ट सांगेन. ती तुला समजली पाहिजे आणि चूक कुणाची, ते तुला सांगता आलं पाहिजे. इच्छेनं कुणाचं मन फिरवता येणार नाही. आणि जे मागशील ते सूर्य बुडेपर्यंतच टिकेल."

"सांगा, परीताई," बकुळ म्हणाली आणि दगडावर मांडी घालून बसली.

परी सांगू लागली. "समुद्रापल्याड ग्रीस नावाचा देश आहे. तिथे फार पूर्वी अराक्नी नावाची मुलगी होती, लोकर रंगवणाऱ्याची लेक. ती असं सुंदर विणायची की वनदेवतासुद्धा बघायला यायच्या. अराक्नी म्हणाली, माझ्यासारखं विणकाम अथीनादेवीलाही जमणार नाही! अथीना म्हणजे विणकामाचीच देवी. ती म्हातारीचं सोंग घेऊन आली आणि म्हणाली, माफी माग. अराक्नी म्हणाली, मागणार नाही, पैज लावू. दोघी मागांवर बसल्या. देवीनं देवांचा थाट विणला. अराक्नीनं देवांनी केलेले अन्याय विणले. तिच्या कापडात एक धागा चुकलेला नव्हता. देवीनं ते कापड टराटरा फाडलं, अराक्नीला बडवलं आणि तिची कोळीण करून टाकली. तू जिचं जाळं वाचवलंस ना, ती तिच्याच वंशातली. सांग बरं, चूक कुणाची?"

बकुळ गोंधळून गेली. देवी, म्हातारी, माग, कापड, कोळीण, सगळं डोक्यात एकमेकांत गुंतलं. मग तिनं कमरेची पिशवी सोडली.

"जरा मांडून बघू का? मला हातात घेतल्याशिवाय काही कळत नाही."

"मांड की!" परी कौतुकानं म्हणाली.

आधी बकुळनं दगडावर एकापुढे एक तुकडे लावले. जांभळा म्हणजे अराक्नीची बढाई, राखाडी म्हणजे देवीचं सोंग, हिरवा म्हणजे पैज, लाल म्हणजे फाडाफाड, काळा म्हणजे शिक्षा. कशातून काय झालं, ते आता तिला सरळ दिसू लागलं. पण चूक काही दिसेना. मग तिनं ते तुकडे गोळा केले आणि पिशवीत तळाशी जपलेल्या दोन अख्ख्या बांगड्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. एक अराक्नीची, एक अथीनेची. एकमेकींवर थोड्या सरकवल्या, तशी मध्ये पानाच्या आकाराची चिमुकली जागा तयार झाली.

"जे दोघींत आहे, ते इथे मध्ये," बकुळ पुटपुटली. आता तुकड्यांना तिनं नवे अर्थ दिले. हिरवा तुकडा म्हणजे कसब. ते दोघींत होतं, म्हणून मध्ये गेलं. लाल म्हणजे राग, तोही मध्ये. पांढरा म्हणजे खरं बोलणं, तो अराक्नीकडे. काळा म्हणजे शिक्षा करायची ताकद, तो देवीकडे. राहिला पिवळा. पिवळा म्हणजे तोरा.

तिनं पिवळा तुकडा अराक्नीच्या बांगडीत टाकला आणि ती बघत बसली. काहीतरी खुपत होतं. मग ती एकदम म्हणाली, "पण परीताई, आपल्याहून कुणी बरं विणतं हे देवीला सहनच झालं नाही. तो तोराच की!" आणि तिनं पिवळा तुकडा उचलून मध्ये ठेवला.

परीचा चेहरा उतरला. "असं नसतं गं. सगळे म्हणतात, गर्व केला म्हणून अराक्नीला शिक्षा झाली. तेच उत्तर दे."

"गर्व दोघींत आहे. बघा ना, मधेच पडलाय तुकडा. मग शिक्षा एकीलाच का?"

"देवीला बोल लावतेस?" परीचे पंख थरथरले. "चांगली मुलं उलट बोलत नाहीत. उत्तर बदल. नाहीतर रिकाम्या हातानं परत जाशील."

बकुळच्या पोटात कावळे कोकलत होते. दोन शब्द बोलले की झालं! अराक्नीची चूक, एवढंच तर म्हणायचं होतं. पण तिच्या मनात आलं, अराक्नीला चूक म्हटलं तर आईलाही चूक म्हटल्यासारखं होईल. मग आईनं नाक घासलेलंच बरं, असा त्याचा अर्थ होईल.

ती उठून उभी राहिली. "नाही बदलणार. तुमची इच्छा तुमच्याकडेच राहू दे. मी उपाशी आहे, पण खोटं बोलणार नाही."

आणि काय झालं माहीत आहे? परीच्या हातातली छडी आपोआप लखलखली! परीनं ती झटकली, पाठीमागे लपवली, पदराखाली दाबली. छडी आपली झगमगतच राहिली.

"अगंबाई! ही माझंही ऐकेना!" परी लाजून लाल झाली. "नियम मीच केला होता. गोष्ट समजली पाहिजे, असं म्हटलं होतं. माझ्यासारखं उत्तर दिलं पाहिजे, असं कुठे म्हटलं होतं! माग बाई, काय हवं ते माग."

"या दोन बांगड्या आमच्या बाजारात मोठ्या करून मांडा. अंगणाएवढ्या! सगळ्यांना दिसू देत."

"एवढंच? धान्य नको? मोहरा नकोत?"

"धान्य आई मिळवते. तिला बाजारात बसू दिलं पाहिजे फक्त."

बकुळनं बांगड्या आणि तुकडे पिशवीत भरले, परीनं छडी फिरवली, आणि डोळे उघडते तो बकुळ बाजारात उभी! परीजवळ दिवस कसा सरला ते कळलंच नव्हतं, सूर्य कलला होता. मथुराबाई पायरीवर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. खाली सगुणा गुडघे टेकत होती. सारा बाजार जमला होता आणि सारा बाजार गप्प होता.

तेवढ्यात जमिनीवर लखकन दोन बांगड्या उमटल्या, उजेडाच्या! एक मथुराबाईंच्या पायरीभोवती, एक सगुणाभोवती, आणि मध्ये दोघींची मिळून एक जागा. बाजूला ताटाएवढे रंगीत तुकडे लखलखत होते.

"आई, थांब!" बकुळ धावत पुढे आली. तिनं पांढरा तुकडा उचलला. "बांगड्या कच्च्या होत्या, हे खरं कोण बोललं?"

"सगुणा," गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं. पांढरा तुकडा सगुणाच्या बांगडीत गेला.

"बाजारातून उठवायची ताकद कुणाची?" काळा तुकडा पायरीपाशी गेला. लाल उचलल्यावर तिनं विचारायच्या आतच चारपाच जणी म्हणाल्या, "राग दोघींचा!" मग बकुळनं पिवळा तुकडा छातीशी धरला. "आई, मांडवात तू 'फुटतील' म्हणालीस. माझ्यासारख्या कुठे नाहीत, असंही म्हणालीस. तोऱ्यात बोललीस ना?"

सगुणानं मान खाली घातली. "बोलले खरी."

"बघा! आपल्या तोंडानं कबूल करते!" मथुराबाई गरजल्या.

"आणि राजधानीच्या बांगड्या साऱ्या बाजाराला मिरवून कुणी दाखवल्या, बाईसाहेब?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बकुळनं पिवळा तुकडा ओढत ओढत मध्ये नेऊन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. "तोरा दोघींत. राग दोघींत. मग नाक एकीचंच का?"

मग भाजीवाली कोंडाबाई पुढे आली. "खरंय की गं पोरी! आमच्याच तोंडाला कुलूप लागलं होतं. ऊठ सगुणा, गुडघे झटक. माझे हात केव्हाचे मोकळे आहेत." तिनं आपले दोन्ही हात पुढे केले. तिच्या मागून आणखी हात आले, सावळे, गोरे, मेंदीचे, शेणामातीचे. बकुळ घरी पळाली आणि दुरडी घेऊन आली. हिरव्या, डाळिंबी, मोरपिशी, किणकिण किणकिण! सगुणाच्या नाकातली चमकी पुन्हा लुकलुकली.

उजेडाच्या बांगडीत मथुराबाई एकट्याच उरल्या. त्यांचं मन फिरलं की नाही, मला माहीत नाही. मनात शिरून बघायला मी काही परी नाही. पण सूर्य टेकता टेकता त्या पायरी उतरल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "जरा पक्क्या काचेच्या असतील तर बघ."

सगुणानं त्यांच्यासाठी चटई झटकली. "बसा बाईसाहेब. इथे नाक घासावं लागत नाही. हात पुढे करायचा आणि सैल सोडायचा."

गर्दीतून आणखी एक हात आला. तो इतका नाजूक आणि रुपेरी होता की सगुणा दचकलीच. बकुळनं मात्र ओळखलं. आईनं त्या हातात एक जांभळी बांगडी चढवली.

"त्या दोन बांगड्या मला देतेस?" परी बकुळच्या कानात कुजबुजली. "ग्रीसला जाऊन अथीनाबाईंना दाखवीन म्हणते. ऐकतील की नाही, देव जाणे. पण मी सांगेन."

"घाबरू नका हं, परीताई," बकुळ म्हणाली आणि तिनं पिशवीतून त्या दोन्ही अख्ख्या बांगड्या काढून परीच्या हातात ठेवल्या. सूर्य बुडाला. सोनेरी, गुलाबी, जांभळ्या उजेडाची एक लाट उठली, किणकिण असा नाद झाला आणि परी त्या उजेडात विरून गेली.

त्या रात्री खोपटात गरमागरम भात शिजला. दुसऱ्या दिवशी बकुळनं साऱ्या बाजाराला अराक्नीची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून करवंदीतल्या कोळिणीच्या जाळ्याला त्या नगरात कुणी काठी लावली नाही. सगळे बाजूनं वाकून जातात, मथुराबाईसुद्धा. साठा उत्तरांची नाही, ही एका उलट उत्तराची कहाणी. ज्या पोरीनं ते दिलं, तिचं ताट भरलेलं राहो आणि तिच्या आईची मान ताठ राहो.