घडी मोडलेले दुकूल

पूर्वी तगर नगरीत एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वस्त्रे विकणाऱ्या एका कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. तो वडिलांच्या जागी दुकानाच्या ओट्यावर बसू लागला, आणि कालक नावाचा एक भागीदार त्याच्या शेजारी बसू लागला.

त्या नगरीची दुकुले, म्हणजे तिथली तलम वस्त्रे, दूरवर जात. धुतलेली दुकुले नदीकाठी वाळत घातली की पैलतीर दिसेनासे होई. परगावचा वाटसरू ते धुके समजून थांबून राही आणि धुके विरत का नाही म्हणून कंटाळून झोपी जाई.

तिथे एक जुना नेम होता. वस्त्राची घडी मोडली नसेल तर पौर्णिमेपर्यंत ते परत करता येई आणि दिलेले मोल पुरते मिळे. व्यापाऱ्याने एकदाच विचारायचे, "घडी मोडली का?" आणि गिऱ्हाईक सांगेल ते खरे धरायचे. एखाद्या घरी ठरलेले लग्न मोडे, एखाद्या घरी ज्याच्यासाठी वस्त्र घेतले तो माणूसच उरत नसे. अशा घरांसाठी कुणा भल्या पूर्वजाने तो नेम घातला होता.

भद्रकाच्या पेठेमागच्या आळीत नागिला नावाची एक तरुण स्त्री राहत असे. तिचा नवरा सार्थाबरोबर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, दूर गेलेला. तिची मुलगी तान्ही, अवघ्या काही महिन्यांची. नागिलाला अंगावरचे दूध पुरत नव्हते, म्हणून नवऱ्याने जाताना शेळीसाठी पैसे ठेवले होते. ते घेऊन नागिला शेळी आणायला निघाली आणि दुकूल घेऊन परत आली.

हे कसे झाले ते तिला कधीच नीट सांगता आले नाही. बाळंत झाल्यापासून ती सलग झोपली नव्हती. दिवस तिच्या अवतीभवती पाण्याखालून दिसावा तसा हलत असे. लेकीच्या अंगावर जाड्याभरड्या कापडाने लाल चट्टे उठले होते. भद्रकाच्या दुकानावरून जाताना वाऱ्याने एका दुकुलाचा पदर तिच्या गालाला लागला, आणि ती भानावर आली तेव्हा हातात शेळीचे दावे नव्हते, घडी होती.

घरी येऊन ती पुष्कळ रडली. घडी तशीच ठेवली, निदान तशी ठेवायचे तिने ठरवले. पण एका दुपारी लेक काही केल्या राहीना. शेवटी नागिलाने दुकूल उलगडले, तिला त्यात गुंडाळले, आणि पोर अशी झोपली की नागिला तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहत बसली.

पुढे पौर्णिमेआधीच पूर्वेकडून दुसराच एक मोठा सार्थ आला. गाड्याच्या गाड्या दुकुले उतरली, भाव निम्म्यावर आला, आणि साऱ्या आळीला त्या जुन्या नेमाची आठवण झाली.

शेजारची शिवला दारातूनच ओरडली, "अगं नागिले, बसलीस काय? तुझं दुकूल परत कर, मोल घे, आणि तेच निम्म्यात पुन्हा उचल. उरलेल्यात शेळी येते की! वेशीबाहेर धनगर उतरलाय, त्याच्याकडे एक दुभती आहे. म्हातारी आहे, पण आहे. दिवस मावळला की तो उठणार."

"घडी मोडलीय गं."

"मोडलीय तर घाल पुन्हा. तुझे हात काय मोडलेत?"

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तर नाही म्हण. एवढ्या मोठ्या दुकानाचं काय जातंय?"

नागिलाने दुकूल झटकले, धुरी दिली, पुन्हा पुन्हा घडी घातली. लेकीला कडेवर घेऊन ती शिवलाबरोबर निघाली. वाटभर ती ओठांतल्या ओठांत 'नाही, मोडली नाही' असे घोकत होती. कधी ते फार मोठ्याने होई, कधी फार हळू.

ओट्यासमोर बायकांची रांग होती. परत आलेल्या दुकुलांचा ढीग झाला होता, आणि एक म्हातारी कोष्टीण गठ्ठा बांधत होती. परत आलेले वस्त्र विणणाऱ्याच्या गळ्यात पडे आणि त्याला त्याची मजुरी फेडावी लागे, असा व्यापाऱ्यांचा रिवाज होता. नागिलाला तो ठाऊक नव्हता. म्हातारी गठ्ठा उचलायला गेली, तिला तो उचलेना, आणि ती त्याच्यावरच टेकून बसली. तेव्हा नागिलाने दुसरीकडे पाहिले.

तिची पाळी आली. तिने दुकूल ओट्यावर ठेवले.

कालक मोठ्याने हसला. "वा बाई! आमची घडी चौकोनी. ही तर तिकोनी, वर कोपरा आत खोचलेला! ही दुकानातली नव्हे, पाळण्यातली."

खरेच होते. तिच्या हातांना दुसरी घडीच येत नव्हती. महिनोन् महिने त्यांनी बाळोत्यांचीच घडी घातली होती. रांगेतल्या बायका हसल्या. शिवला तेवढी चिडली.

बोधिसत्त्व हसला नाही. नेमाचा प्रश्न त्याने विचारलाही नाही. त्याने घडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, लेकरू यात झोपतं का?"

"झोपतं," नागिला म्हणाली. "यातच झोपतं हो." आणि घोकलेले सारे तिच्या डोक्यातून गेले ते गेलेच.

"मग हे मी परत कसं घेऊ? ते ज्याचं, त्याला मिळालं."

शिवला पुढे झाली. "शेट, तिला काय विचारता? तुमच्या या भागीदाराला विचारा! आम्ही चढ्या भावाने नेलं आणि मागोमाग भाव पडला. सार्थ येतोय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

बोधिसत्त्वाने कालकाकडे पाहिले. "मला नव्हतं ठाऊक. तुला कधी कळलं?"

कालक दुकुलांच्या काठांकडे पाहू लागला. "अष्टमीला निरोप्या आला होता. पण भद्रका, ते सांगितलं असतं तर एक तरी वस्त्र खपलं असतं का?"

बोधिसत्त्व ओट्यावर उभा राहिला. मग तो रांगेला म्हणाला, "बायांनो, हा नेम मोडलेल्या लग्नांसाठी आहे. भाव उतरला म्हणजे लग्न मोडलं नव्हे. पण आम्ही जाणून गप्प बसलो, तेही बरं नव्हे. अष्टमीपासून ज्यांनी नेलं त्यांनी आपलं दुकूल ठेवावं आणि आजच्या भावाहून जास्त दिलेलं मोल परत घ्यावं. ते दुकानातून जाईल, कोष्ट्यांकडून नाही. आजी, गठ्ठा सोडा. अष्टमीच्या आधी ज्यांनी नेलं, त्यांचा सौदा सरळ झाला."

कालकाने कपाळावर हात मारला. बोधिसत्त्व प्रत्येकीला दिवस विचारू लागला आणि सांगेल तो खरा धरू लागला.

"ताई, तुम्ही कधी नेलं?"

नागिलाने सप्तमीला नेले होते. हे कुणालाच आठवत नव्हते, कालकालाही नाही. शिवलाने तिला कोपराने ढोसले आणि कुजबुजली, "नवमी म्हण. नवमी!" वेशीकडे सावल्या लांबत होत्या. नागिलाच्या जिभेवर नवमी आली. तेवढ्यात कडेवरची लेक डोळे मोठे करून तिच्या ओठांकडे पाहू लागली. बोलणे म्हणजे काय ते ती तिथूनच शिकत होती.

"सप्तमी," नागिला म्हणाली.

आपण खऱ्याच्या ओढीने बोललो, असे तिला पुढेही कधी ठामपणे वाटले नाही. आणखी एक खोटे सांभाळायला लागणारी झोप आपल्यापाशी नव्हती, एवढेच ती स्वतःला सांगत असे.

"मग दुकान तुमचं काही लागत नाही," बोधिसत्त्व म्हणाला आणि दुकूल तिच्या हातात दिले. नागिला ते घेऊन वळली. तिचे पाय चालत होते, पण जमीन लागत नव्हती. आता नवऱ्याला काय सांगायचे, आणि त्याआधी आज लेकीला काय पाजायचे?

मागून कुणीतरी ओटा उतरल्याचा आवाज आला. बोधिसत्त्व अनवाणीच तिच्याशेजारी येऊन चालू लागला होता.

"व्यापारातलं बोलणं तिथे ओट्यावर झालं," तो म्हणाला. "आता शेजाऱ्यासारखं विचारतो. लेकराला दूध पुरतं का?"

नागिलाने नकारार्थी मान हलवली, आणि मग तिला जे रडू आले ते थांबेना. लेक तिच्याकडे पाहून हसू लागली.

दिवस मावळण्याआधी बोधिसत्त्वाने शिवलाला विचारून वेशीबाहेरून ती शेळी आणून नागिलाच्या दारात बांधली. "पोरीला दात आले की शेळी माझ्या गोठ्यात आणून सोडा. तोवर वैरण तुमची," असे म्हणून तो गेला. त्या संध्याकाळी लेक पोटभर दूध प्यायली आणि दुकुलात झोपली. नागिला तिच्या श्वासावर लक्ष ठेवायला म्हणून बसली आणि बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला. झोपेत तिला नदीकाठचे धुके दिसले, आणि कुणीतरी ते शांतपणे चावत होते.

सकाळी ती उठली तेव्हा शेळी दावे तोडून आत आली होती आणि दुकुलाचा एक कोपरा फस्त झाला होता. आता हे कुठल्याच दुकानात परत जाणार नाही, असे नागिलाच्या मनात आले आणि कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

एवढी कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, धर्मसभेत सांगितली. मग त्यांनी त्या जन्मीचे धागे या जन्माशी जुळवून दाखवले. "तेव्हाचा कालक म्हणजे आज पुढच्या ओळीत बसलेला हा धान्यवाला, ज्याला आता कानांत काहीतरी गेल्यासारखे वाटत आहे. शिवला म्हणजे दारापाशी उभी असलेली, अन्यायावर सगळ्यांत आधी बोलणारी ही माळीण. नागिला म्हणजे मागच्या खांबाशी लेकराला थोपटत बसलेली ती उपासिका. आपल्याला उपदेश अर्धाच ऐकू येतो म्हणून ती रोज झुरते. आणि भद्रक म्हणजे मीच."

सगळ्यांनी वळून खांबाकडे पाहिले. उपासिकेला यातले काहीच ऐकू गेले नव्हते. लेकरू नुकतेच झोपले होते आणि त्याच्याबरोबर तीही.

"तिला उठवू नका," शास्ते म्हणाले. "ती उठली की सांगा, सत्य म्हणतात ते हेच. हाताशी आलेली शेळी सोडून ती सप्तमी म्हणाली होती."