पाच पेडांचा दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण तिच्यातली चूक एका मोठ्या माणसाची आहे.

त्या राज्यातली मुलं दोरीच्या मल्लखांबात मोठी तरबेज. उंच फांदीवरून दोर सोडायचा, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तो पकडून सरसर वर जायचं, आणि वर गेल्यावर हात सोडून दोरावरच बसायचं, झोपायचं, नाहीतर उलटं लटकायचं. दर चैत्रात देवळापुढच्या चिंचेखाली त्यांची स्पर्धा भरे आणि राजा-राणी ती बघायला येत. रीत अशी होती, की प्रत्येक मुलाने आपल्या घरी वळलेल्या दोरावरच चढायचं. दुसरी रीत जरा कठोर होती. स्पर्धेत जे मूल खाली पडेल, त्याचा दोर त्याच्या आईबापांनी उतरवून न्यायचा आणि त्या मुलाने पुन्हा कधी दोराला हात लावायचा नाही.

तिथल्या एका गावात एक दोर वळणारा राहत होता. विहिरीच्या मोटेचे दोर, नावेचे दोर, गुरांचे कासरे, सगळं तोच वळी. त्याच्या हातचा दोर तुटला असं कोणी ऐकलं नव्हतं. त्याला सगुणा नावाची एकच मुलगी होती. तिला दोरावर चढण्याचा भारी नाद. तिची आई सूत काढी, बाप त्या सुताचा तीन पेडांचा दोर वळी, आणि सगुणा त्यावर खारीसारखी खालीवर करी.

एकदा ही सगुणा जांभळाच्या झाडावरून पडली. हात मोडला. वैद्याने तो बसवला आणि पुढे तो धडही झाला. पोरीचं दुखणं गेलं, बापाचं मात्र राहिलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बापाने त्या वर्षी सगुणाचा दोर वळताना तीन पेडांत चौथा पेड घातला. मजबूत असलेला बरा, एवढंच त्याच्या मनात होतं.

दोर जाड झाला तसा तो सगुणाच्या बोटांत नीट बसेना. ती सरावात घसरू लागली. बापाने ते पाहिलं, त्याच्या काळजाचं पाणी झालं, आणि त्याने पाचवा पेड घातला. दोर जाड म्हणून पोरगी घसरे, आणि पोरगी घसरते म्हणून बाप दोर जाड करी. शहाण्या माणसाच्या मनात भीती शिरली की तो किती मेहनतीने वेडेपणा करतो, ते बघा.

त्याला कोणी सांगितलं नाही, असंही नाही. मुलांना शिकवणाऱ्या म्हातारीने दोनदा निरोप धाडला, की दोर बारीक करा. म्हातारी आता हलगर्जी झाली, असं म्हणून त्याने कानाडोळा केला. सूत काढून काढून बायकोची बोटं दुखायला लागली, तेव्हा तिने विचारलं, आता त्यावर हत्ती चढवायचा आहे का? त्यावर तो फक्त हुं म्हणाला. सगुणा स्वतः एकदा म्हणाली, "बाबा, दोर बोटांत मावत नाही."

"मावेल," बाप म्हणाला. "सवयीनं सगळं मावतं."

मग ती नुसत्या हातांनी लोंबकळून चढू लागली. तळवे सोलून निघाले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी बाप गाडी जुंपायला निघाला, तेव्हा ती अंगणात पाय पोटाशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी येत नाही. मला आता जमत नाही. पडले तर कायमचंच सुटेल."

बापाला वाटलं, पोर उंचीला घाबरली. तिची समजूत काढता काढता त्याने तो पाच पेडांचा दोर गाडीत टाकला. तिथे त्याचा म्हातारा बैल उभा होता. त्याने दोर हुंगला.

"माझा नवा कासरा वाटतं," बैल म्हणाला. "चांगला दणकट आहे."

"तुझा नव्हे. सगुणाला चढायला आहे तो."

"चढायला होय? मला वाटलं बांधायला. बांधायचा दोर असा असतो. पण ती कुठे पळून चालली आहे?"

म्हातारीचं ऐकलं नाही, बायकोचं नाही, लेकीचं नाही, आणि ऐकलं शेवटी बैलाचं. असू दे, ऐकलं हे महत्त्वाचं. बाप सगुणाजवळ येऊन बसला. त्याने तिचं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्याशेजारी दोर लावून पाहिला. तो आत शिरेचना. बेचक्यातली कातडी लालभडक झाली होती. जन्मभर त्याने ओझं बघून दोर वळले होते, पाऊल बघून एकदाही वळला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"तुझं चुकत नव्हतं, बाळ," तो म्हणाला. "माझं चुकत होतं."

त्याने दोर उलगडला. दोन पेड काढून बाजूला ठेवले. उरलेल्या तिन्हींचं एक टोक सगुणाच्या हाती दिलं, दुसरं आकडीला अडकवलं आणि पुन्हा पीळ भरायला लागला. दोर तयार झाला तसा त्याने तो आढ्याला बांधला आणि स्वतःच त्याला लटकला. धान्याच्या पोत्यासारखा तो हवेत गरगर फिरू लागला. दोर कुरकुरलासुद्धा नाही. आईला हसू आवरेना, आणि तिचं बघून कितीतरी दिवसांनी सगुणाही हसली.

चिंचेखाली गर्दी दाटली होती. सगुणाने दोर पायाच्या बेचक्यात धरला आणि चढली. बाप खाली उभा राहिला. वर जाऊन तिने हात सोडले, पाठ मागे झुकवली, आणि तेवढ्यात ती वीतभर खाली सरकली. गर्दीतून हाय निघाली. बापाच्या ओठांवर ओरडणं आलं होतं, ते त्याने हाताने दाबलं. वर सगुणाच्या बोटांनी दोर आवळला. ती थांबली. मग तिने हात पंखांसारखे पसरले आणि उलटी लटकून, तशीच, खाली उभ्या बापाकडे बघून हसली.

तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले तेव्हा कुठे बापाचा जीव भांड्यात पडला. तो मटकन खालीच बसला. पहिला मान एका कोळ्याच्या मुलाला मिळाला. सगुणाचं नाव बरंच मागून आलं. पण तिचा दोर फांदीवरच राहिला, आणि पुढच्या चैत्रातही ती चढणार होती. घरी जाताना गाडीत तिची बडबड थांबेना आणि बापाला ती थांबायला नकोच होती.

काढलेल्या दोन पेडांचा त्याने बैलासाठी कासरा वळला. बैलाने मान हलवून तो पाहून घेतला आणि म्हणाला, "आता ज्याचा दोर त्याला मिळाला."

म्हणून मुलांच्या हाती दोर देताना तो आपल्या भीतीएवढा जाड देऊ नये, त्यांच्या बोटांत मावेल एवढाच द्यावा.