झाकणावर निखारे, आत पेरू

आटपाट नगरात राजे राहतात, राण्या राहतात. त्यांना राहू द्या सुखात! आपली गोष्ट आहे नगराबाहेरच्या पेरूच्या बागेतली. बागेच्या कुंपणाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथं दहा वर्षांची दुर्पी राहायची, तिची आई सारजा राहायची, आणि राहायची धाकटी बकू. बकू चार वर्षांची. तिची बडबड त्या झोपडीत मावायची नाही.

पण नऊ दिवस झाले, बकूनं तोंड मिटलं होतं. आधी ताप आला. मग ताप गेला, पण मेला जाताना पोरीची भूकही घेऊन गेला. भात नको, पेज नको, दूध नको. गुबगुबीत गालांच्या जागी दोन खळगे पडले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि हलकेच म्हणाले, "सारजे, औषधाचं काम संपलं. आता पोटात चार घास गेले पाहिजेत. नाहीतर पोर हाती लागायची नाही." बकूच्या भातावर घालायला म्हणून त्यांनी वाटीभर तूपही दिलं. ते तसंच फळीवर पडून होतं.

आईनं पदरानं डोळे पुसले आणि पेरू तोडायला गेली. न जाऊन कसं चालेल? हातावरचं पोट होतं त्यांचं. दुर्पीला वाटे, आपली भूक काढून बकूला देता आली तर किती बरं! भूक काय, दुर्पीकडे हवी तेवढी होती.

त्या बागेची एक रीत होती. झाडावरचा पेरू मालकाचा, गळून पडलेला पेरू ज्याला सापडेल त्याचा. म्हणून दुर्पी सकाळी सकाळी परकराचा ओचा करून झाडांखालून फिरायची. हिरवे पेरू, पिवळे पेरू, आतून गुलाबी गुलाबी पेरू! पण पोपटानं चोच मारलेल्या पेरूला ती हात लावत नसे. "त्याचं जेवण अर्धंच झालंय, तो परत येईल," म्हणायची.

त्या दिवशी एका टपोऱ्या पेरूखाली काहीतरी चमचमलं. दुर्पीनं पेरू उचलला, तर खाली एक एवढीशी परी! करंगळीएवढी. अंगात पेरूच्या फुलाचा पांढराशुभ्र झगा, डोक्यावर केसरांच्या पिवळ्या झिपऱ्या, आणि दवानं भिजून जमिनीला चिकटलेले दोन चंदेरी पंख.

"बघत काय राहिलीस? फुंकर मार!" परी फणकारली.

दुर्पीनं हळूच फुंकर घातली. मग परकराच्या कोरड्या टोकानं पंख टिपले, अगदी बकूचे डोळे पुसावेत तसे. पंख फडफडले आणि सगळीकडे रुपेरी चुरा उडाला.

"मी झिपरी," परी आता गोड आवाजात म्हणाली. "फारशी मोठी परी नाही हो मी. माझ्याकडे महाल नाहीत, मोहरा नाहीत. एक इच्छा तेवढी आहे. ती तुला देते."

दुर्पीनं श्वाससुद्धा घेतला नाही. "माझी बकू जेवू दे!"

"थांब गं, थांब! इच्छेला नियम असतात." झिपरीनं त्या टपोऱ्या पेरूला हात लावला. पेरू आतून दिव्यासारखा उजळला आणि पुन्हा साधा झाला. "इच्छा या पेरूत ठेवली आहे. तो कच्चा खायचा नाही, तुझ्या हातानं रांधायचा. त्याचा पहिला घास जो खाईल, तो खाल्ल्यावर जे पहिलं मागेल ते खरं होईल. पण रांधणारीनं पहिला घास घ्यायचा नाही. आणि काय मागायचं ते कुणाला शिकवायचं नाही. शिकवलेली इच्छा फुकट जाते."

दुर्पी विचारात पडली. बकूला पहिला घास भरवावा, तर ती तोंडच उघडत नाही. मग? मग तिच्या लख्खकन ध्यानात आलं. आई! आई तर उठता बसता एकच घोकते, 'माझी बकू जेवू दे.' दुपारी आई घरी आली की पहिला घास तिला द्यायचा. तिला काही शिकवायलाच नको!

"चल, मग रांधू या," दुर्पी म्हणाली. परी तिच्या वेणीवर बसून घरी आली.

बकू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुर्पीनं चूल पेटवली. त्या टपोऱ्या पेरूसकट ओच्यातले सगळे पेरू चिरले, बिया काढून टाकल्या, आणि गुलाबी गुलाबी फोडी मातीच्या पसरट भांड्यात पसरल्या. वर गुळाचा खडा किसून घातला.

"आता त्याला कुरकुरीत पांघरूण हवं," झिपरी फळीवरून म्हणाली. "डब्यांत काय आहे?"

डब्यांत काय असणार? एकात मूठभर जाडे पोहे, एकात तळाशी उरलेल्या ज्वारीच्या लाह्या. पण परीला तेवढंच हवं होतं. दुर्पीनं पोहे भाजले, लाह्या हातानं जराशा चुरल्या, त्यात गूळ आणि वैद्यबुवांचं तूप घालून सगळं बोटांनी चोळलं, आणि ते पांघरूण फोडींवर अलगद पसरलं. भांडं चुलीवर चढवलं. झाकण ठेवलं. आणि आई भाजी शिजवताना करते तसं तिनं तांब्यातलं पाणी झाकणावर ओतायला घेतलं.

"अगं अगं अगं!" झिपरी अशी किंचाळली की पंखांतली चांदी तुपात सांडली. "पाणी कशाला?"

"झाकणावर पाणी ठेवायचं असतं. आई ठेवते. खाली लागत नाही."

"ती भाजी, बाई! इथं वाफ धरली तर पोह्यांचा चिखल होईल. याला खालून जाळ नको, मंद निखारे हवेत. आणि वरूनसुद्धा निखारे!"

झाकणावर विस्तव! दुर्पीनं असलं कधी पाहिलं नव्हतं. तिनं जाळ ओढून घेतला आणि चिमट्यानं एकेक लालबुंद निखारा उचलून झाकणावर मांडला. थोड्याच वेळात झोपडीत वास दरवळू लागला. आधी पेरूचा, मग गुळाचा, मग भाजक्या पोह्यांचा असा काही खमंग, की कुंपणावरचे पोपटसुद्धा गप्प झाले. बकूनं कूस बदलली. पण डोळे मिटलेलेच.

दुर्पीनं निखारे उतरवून झाकण काढलं. वर सोनेरी पांघरूण, आणि कडेनं बुडबुडणारा गुलाबी रस! तेवढ्यात दारात सावली पडली. आई आली!

पण ती आई नव्हती. बकूहून थोडी मोठी, मेंढक्यांची एक पोर उभी होती. खांद्याला घोंगडीचा तुकडा, पाय पांढऱ्या धुळीनं माखलेले.

"ताई, पाणी दे गं वाईच," ती म्हणाली. "म्या बाणू. कोकरू मागं राहिलं व्हतं, त्ये हुडकाया गेले. त्ये गावलं आन् पळालं म्होरं, पर तवर कळप बी लांब गेला. माळाच्या पल्याड गाठीन आता."

दुर्पीनं पाणी दिलं. बाणू गटागटा प्यायली. तांब्या खाली ठेवताना तिची नजर त्या भांड्यावर गेली आणि तिनं ती पटकन फिरवली. मागायचं नाही, असं तिला घरी शिकवलेलं दिसत होतं. पोट मात्र खपाटीला गेलं होतं.

"कधी जेवलीस?" दुर्पीनं विचारलं.

"काल," बाणू म्हणाली. "जाते म्या."

दुर्पीनं तिला दारातून आत घेतलं. "जरा थांबशील? माझी आई येऊ दे. मग तुला पोटभर देते."

"थांबले असते गं. पर माझी आय वाट बघत असंल. कळप लांब जाईल."

दुर्पीनं फळीवरच्या झिपरीकडे पाहिलं. तिनं कोपऱ्यातल्या बकूकडे पाहिलं. दुर्पीला रडूच फुटलं. इच्छा एकच होती, आणि ती या अनोळखी पोरीच्या तोंडी गेली, तर ही काय मागेल? वहाणा मागेल, भाकर मागेल, आपला कळप मागेल. मागेना का! तिचं तरी काय चुकलं? पण चुलीवर अन्न तयार असताना दारातलं लेकरू उपाशी पाठवायचं, हे सारजाच्या घरात कधी झालं नव्हतं.

तिनं डोळे पुसले, पळसाच्या पानावर मोठ्ठा डाव वाढला आणि पान बाणूपुढे ठेवलं. "खा. फुंकून खा, गरम आहे."

बाणूनं घास घेतला. कुर्रर्र! केवढा आवाज झाला! कुर्रर्र, कुर्रम, कुर्रम! तिचे डोळे आपोआप मिटले, आणि धुळीनं भरलेलं तोंड सगळंच्या सगळं हसलं.

त्या आवाजानं कोपऱ्यातल्या बकूनं डोळे उघडले. मान वळवली. बाणूनं ते पाहिलं आणि घास तसाच गालात धरून ती लाजली.

"अगं बया! म्या एकलीच खाते की! आमच्या तळावर असं एकल्यानं खात न्हाईत." तिनं पान उचललं आणि सरळ बकूच्या गोधडीवर जाऊन मांडी घातली. "ये गं बाई. तू बी खा की माझ्यासंगं."

फळीवर झिपरीचे पंख एकदम झगझगले. पहिल्या घासानंतरची पहिली इच्छा मागून झाली होती!

बकू उठून बसली. तिनं पानातला एक सोनेरी तुकडा चिमटीत उचलला, उलटसुलट पाहिला आणि तोंडात टाकला. कुर्रर्र. इवलासाच आवाज. तिनं बाणूकडे पाहिलं. बाणूनं आणखी मोठ्यानं कुर्रम केलं. मग बकूनं त्याहून मोठ्यानं! दोघी खुदखुदल्या आणि पानावर वाकल्या, डोक्याला डोकं लावून.

"झिपरे! झिपरे गं!" दुर्पी हसत होती आणि रडतही होती. "तिनं स्वतःसाठी काहीच मागितलं नाही!"

परी उडून तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. "मला तर वाटलं, गेली आता इच्छा," ती कानकोंडी होऊन म्हणाली. "परी असले तरी मला सगळं कुठे कळतं? तू पान वाढलंस ना, तेव्हा माझासुद्धा जीव खालीवर होत होता. बरं, आता तू खा पाहू. भांड्याच्या कडेची खरवड रांधणारीची असते, हा परीलोकातलासुद्धा नियम आहे."

तिनं दुर्पीच्या गालाचा पापा घेतला. पंखांतून गुलाबी उजेड फुटला, मग सोनेरी, मग पांढराशुभ्र. सगळी झोपडी क्षणभर लखलखली. उजेड ओसरला, तेव्हा फळीवर कुणीच नव्हतं.

बाणूला दुर्पीनं वाटेसाठी पानात बांधून दिलं. ती उड्या मारत माळाकडे पळाली. तिला निरोप द्यायला दोघी बहिणी दारात उभ्या होत्या, एक दुसरीच्या आधारानं.

समोरून सारजा येत होती, डोक्यावर रिकामी पाटी, नजर जमिनीकडे. दारात बकू उभी आहे, हे तिला आधी दिसलंच नाही. तिला ऐकू आला तो फक्त आवाज. नऊ दिवसांत न ऐकलेला, चिडका, हट्टी, जिवापाड लाडका आवाज.

"ताई, एवढुसंच? अजून दे ना!"

सारजाच्या हातून पाटी सुटली आणि ती धावत सुटली.