भिडूचा पास

"मग बाई, बोलायचं तरी कधी?"

गुप्तेबाई पत्ते पिसत होत्या.

सांगलीतल्या त्या क्लबात निम्म्या लोकांना ब्रिज त्यांनीच शिकवला होता. प्रश्न विचारणारे कर्णिक वकील हे त्यांचे सगळ्यात तल्लख शिष्य. आणि सगळ्यात उतावळे. ब्रिजमध्ये आधी कोणत्या रंगात किती हात करणार याची बोली लागते, मग खेळ; बोलायचं नसेल तर पास. कर्णिकांच्या हातात जरा बरी पानं आली, की बाकीचे काय म्हणताहेत ते न ऐकताच त्यांची बोली लागलेली असे. कधी साधायचं. बहुतेकदा बुडायचं. आणि बुडालं की ते समोर बसलेल्या भिडूकडे रोखून बघायचे.

भिडू म्हणजे हेमाडे. कॉलेजात भूगोल शिकवणारे, मोजकं बोलणारे. दोघं कित्येक वर्षं एकमेकांसमोर बसत आले होते. परवा एक डाव बुडाल्यावर कर्णिक चारचौघांत म्हणाले, "तू काय नुसता पास म्हणायला येतोस का रे?"

दुसऱ्या दिवशी हेमाड्यांचा निरोप आला: येत्या स्पर्धेसाठी दुसरा भिडू बघ.

आज बाईंच्या शब्दाखातर ते आले होते. एका डावापुरते.

"मला नेमकं सांगा," कर्णिक म्हणाले. "किती गुण हातात असले की बोलीत उतरायचं?"

"बसा."

चौथ्या खुर्चीवर लीलाताई राजाध्यक्ष बसल्या, बाईंच्या भिडू म्हणून. पत्ते वाटले गेले.

कर्णिकांनी पानं उचलली. एक एक्का, एक राजा, एक राणी. बाकी सगळी फुटकळ. त्यांचा चेहरा उतरला.

"एक बदाम," बाई म्हणाल्या.

"पास," हेमाडे.

"पास," लीलाताई.

"पास!" कर्णिक लगेच म्हणाले. "शिकलो बघा बाई. पानं नाहीत, तोंड बंद."

बाईंनी आपली पानं पालथी ठेवली.

"हेमाडे, दाखवा."

हेमाड्यांनी पानं टेबलावर पसरली. चौघांत सगळ्यात भारी हात त्यांचाच होता.

कर्णिक खुर्चीतून अर्धे उठलेच. "अरे! एवढं घेऊन तू पास म्हणालास?"

"माझ्याकडे बदामच जास्त होते," हेमाडे म्हणाले. "त्यांचाच रंग. त्यावर काय बोलणार?"

"मग मला कसं कळायचं ते?"

"मी बोलले, त्यावर लीलाताई पास म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "का?"

"त्यांच्याकडे काही नसणार."

"तुमच्याकडे?"

"थोडंफार."

"मग उरलेलं कुठे गेलं?"

एक्क्याचे चार, राजाचे तीन असे मोजत गड्डीतले सगळे गुण किती होतात, हे कर्णिकांना झोपेतही सांगता आलं असतं. वजाबाकी काही अवघड नव्हती. बाई आणि लीलाताई एकाच्याच बोलीवर थांबल्या, तेव्हाच भिडूचा हात भरलेला आहे हे उघड होतं. त्याला बोलायला जागा नव्हती. जागा होती ती कर्णिकांना, आणि त्यांनी ती घालवली होती.

"म्हणजे पानं असताना गप्प बसायचं आणि नसताना बोलायचं?" ते कुरकुरले. "हे उलटंच झालं की, बाई."

बाईंनी नुसतं हेमाड्यांकडे पाहिलं.

मग कर्णिकांनीही पाहिलं.

परवाचा तो डाव त्यांना आठवला. आपल्या हातातली तेराच्या तेरा पानं अजून तोंडपाठ होती. आणि हेमाड्यांच्या हातात…?

त्यांनी खूप आठवून पाहिलं. एकही पान आठवेना.

"हेमाडे," ते हळूच म्हणाले, "परवा मी जे बोललो…"

हेमाडे टेबलावरची पानं गोळा करत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली. काहीतरी सांगायला ओठ उघडले…

"नाही, आधी माझं ऐक," कर्णिक घाईघाईनं म्हणाले, "मला म्हणायचं होतं की तू…"

बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"कर्णिक, पाळी हेमाड्यांची आहे."