जावईबापूंनी घासलेलं हेड

घाटाखालच्या एका गावात नारबा नावाचा एक भोळा जावई होता. भोळा म्हणायचं ते सासऱ्याचा मान राखायला. गाव त्याला सरळ ठोंब्या म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

सासरे भिकाजी मिस्त्री जुन्या डिझेल गाड्या दुरुस्त करायचे. धंदा पार बसला होता. अशात साखर कारखान्याने दवंडी पिटली, की घाटाच्या शर्यतीत ज्या गॅरेजची जुनी गाडी पहिली वर पोचेल, त्याला कारखान्याच्या सगळ्या जीपचं काम. हे हुकलं तर गॅरेजला कुलूपच. पण भिकाजींची गाडी चढाला धापा टाकायची. मग त्यांनी ठरवलं, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, उघडायचं आणि हवा आत जायच्या वाटा घासून मोकळ्या करायच्या, म्हणजे गाडीला पोटभर श्वास मिळेल. हाताशी माणूस एकच, जावई. आणि जावयावर ओरडायची सोय नाही.

"जावईबापू, या वाटेतली खरखर घासा. मी थांबा म्हणेपर्यंत घासत राहा," असं सांगून भिकाजी जेवायला गेले. जेवून जरा आडवे झाले.

परत येतात तो नारबा घासतोच आहे. हवेच्या वाटेची भिंत फोडून तो पलीकडे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत पोचला होता.

"अहो, हे काय केलंत!"

"तुम्ही थांबा कुठे म्हणालात, मामा?"

भिकाजींनी राग गिळला. "बरं. यापुढे कुठल्याही कामात पुरे वाटायच्या आधीच हात आवरायचा."

"आवरतो, मामा."

भंगारातून दुसरं हेड आणलं. ते भिकाजींनी स्वतः घासलं. आत बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. बोल्ट आवळायचं काम तेवढं जावयाला दिलं. इंजिन सुरू केलं मात्र, हेडखालून वाफ, पाणी आणि काळं तेल उसळलं, ते थेट भिकाजींच्या तोंडावर. पाहतात तर बोल्ट बोटांनी फिरताहेत.

"आवळले नाहीत होय?"

"आवळत होतो. पुरे वाटायच्या आधीच हात आवरला."

"अहो देवमाणूस! सैल दिसेल ते आवळायचं. फिरेनासं होईपर्यंत आवळायचं!"

"फिरेनासं होईपर्यंत," नारबाने मान डोलावली. मान डोलावणं त्याला फार छान जमायचं.

भिकाजींनी बोल्ट पुन्हा स्वतः आवळले. शर्यतीच्या जागी इंजिन असं दमदार बोललं, की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "स्टिअरिंग तेवढं जरा सैल लागतंय," असं म्हणत ते नारळ फोडायला वळले. नारबा पाना घेऊन गाडीखाली शिरला.

भिकाजी गाडी चालवायला बसले, नारबा शेजारी. झेंडा पडला. गाडी सुसाट निघाली. बाकीच्या गाड्या धुरात मागे राहिल्या. स्टिअरिंगही आता जरासुद्धा डगडगत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भिकाजींना जावयाचं कौतुक वाटलं, तेही पहिल्या वळणापर्यंतच.

वळणावर त्यांनी स्टिअरिंग फिरवलं. फिरेना. दोन्ही हातांनी ओढलं. फिरेना. रस्ता डावीकडे वळला, गाडी सरळ गेली. समोर कारखान्याचा मांडव होता आणि मांडवापुढे कारखान्याच्या सगळ्या जीप धुऊन पुसून ओळीने उभ्या होत्या. माणसं पळाली. जीपना कुठे पळता येतंय?

धूळ खाली बसली. भिकाजी कपाळाला हात लावून बसले होते. शेजारच्या नारबाने स्टिअरिंगला जोर लावून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मामा, काम बघा माझं! एवढी धडक बसली, तरी जागचं हललं नाही."